दोन सरकारे, एक माती

आदिलाबाद जिल्ह्याचा जुना, म्हणजे २०१६ पूर्वीचा नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. उत्तरेला पैनगंगा, पुढे वर्धा, पूर्वेला प्राणहिता आणि दक्षिणेला गोदावरी. पश्चिमेची बाजू सोडली, तर हा सगळा मुलूख पाण्याने वेढलेला. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवीत असे, तेव्हा मुलांना सांगायचो, "आपण बेटावर राहतो, फक्त समुद्र नाही एवढेच." मुले हसत. पण बेटावरच्या माणसांचे जे प्रश्न असतात, ते आपल्यालाही चुकलेले नाहीत. कोणाची सत्ता, कोणती भाषा, जमीन कोणाच्या नावावर, हेच ते प्रश्न. या लेखात आपल्या या बेटाची हकीकत सांगायची आहे, आणि तिच्या जोडीला प्रशांत महासागरातल्या एका खऱ्याखुऱ्या बेटांच्या मुलखाचीही. दोन्हींत एक विलक्षण साम्य आहे.

प्रथम आपला मुलूख. मधून सातमाळ्याचे डोंगर गेलेले. त्यांच्या उत्तरेला बेला, जैनथ, आदिलाबाद हा काळ्या जमिनीचा, कापूस-ज्वारीचा पट्टा. डोंगरात उटनूर, जैनूर, केरामेरी हा सागवानाचा आणि आदिवासींचा प्रदेश. पूर्वेला कागजनगर, बेल्लमपल्ली, मंचेरियाल ही कागद आणि कोळशाची गावे. नैऋत्येला निर्मळ, भैंसा, मुधोळ आणि गोदाकाठची बासरची सरस्वती. राज्याच्या सीमेपलीकडे माहूरची रेणुका. आपल्याकडचा माणूस पोरगा शाळेत घालताना बासरला जातो आणि नवस फेडायला माहूरला जातो. मधल्या काळात सरकारे किती बदलली याचा हिशेब त्याने ठेवलेला नाही.

माणसेही अशीच सरमिसळ. राजगोंड, कोलाम, नायकपोड, थोटी, आंध, परधान, लंबाडी, आणि त्यांच्याबरोबर तेलुगू, मराठी व उर्दू बोलणारी गावे. आंध जमातीची बोली मराठीच. परधानांची गोष्ट तर आणखी मौजेची आहे. गोंडांच्या कुळांचा इतिहास तोंडपाठ ठेवून गाणारे हे भाट घरात मराठी बोलतात आणि गाणे मात्र गोंडीत गातात. म्हणजे गोंडांच्या पूर्वजांची कथा ज्यांनी जतन केली, त्यांची मायबोली मराठी. भाषा आणि जात, भाषा आणि प्रांत यांच्या चौकटी आखणाऱ्यांनी एकदा केस्लापूरला नागोबाच्या जत्रेत पुष्य अमावस्येला येऊन उभे राहावे. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि जत्रेत चार भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. आणि आता दिवाळीच्या तोंडावर तर डोंगरातल्या गावागावांतून दंडारी निघते, मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी नाचतात. याच नाचासाठी मारलवाईच्या कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले.

आता राज्यकारभार. चांद्याच्या आणि सिरपूरच्या गोंडराजांची सत्ता या भागावर होती. पुढे मोगल, नागपूरकर भोसले, निजाम असे धनी बदलत गेले. निजामाच्या राज्यात १८७२ साली एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तालुके मिळून सिरपूर-तांडूर नावाचा एक उपजिल्हा केला गेला. १९०५ साली त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. एदलाबाद हे आपल्या आजोबांच्या तोंडचे नाव, सरकारी नाव आदिलाबाद. कारभाराची भाषा उर्दू, साल फसली, जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार. खाली तहसीलदार, गिरदावर, पटवारी, पटेल. आमच्या घरी आजीच्या वाट्याच्या शेताचा कागद उर्दूत आहे, वडिलांचे शाळेचे प्रमाणपत्र मराठीत आणि माझा नेमणुकीचा हुकूम तेलुगू-इंग्रजीत. एकाच ट्रंकेत तीन कागद, आणि ते तिन्ही वाचू शकेल असा एकही माणूस आज आमच्या घरात नाही.

डोंगरातल्या गोंडाला तर एकही कागद वाचता येत नव्हता, आणि अनर्थ तेथेच झाला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्याच्या नावावर नव्हती. पट्टा नसलेली वहीत म्हणजे 'सिवाय जमाबंदी'. तिच्यावरून आज ना उद्या हुसकले जायचेच. जंगल राखीव झाले, 'जंगलात' खात्याचे चौकीदार आले, आणि खालच्या गावांतून कागद जाणणारी, अर्ज लिहू शकणारी माणसे पट्टे घेऊन वर आली. यांत तेलुगू होते, उर्दूवाले होते, तसेच आपले मराठीभाषकही होते. ही गोष्ट आपल्या दिवाळी अंकांतून सहसा लिहिली जात नाही, पण लिहायला हवी. सीमाभागात आपण अल्पसंख्य म्हणून आपली दुःखे सांगतो. परंतु डोंगरातल्या माणसाच्या दृष्टीने आपणही खालून आलेलेच होतो.

या अन्यायातून कुमरम भीम उभा राहिला. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा तरुण काही काळ आसामच्या चहामळ्यांत मजुरी करून परतला आणि त्याने केरामेरीजवळच्या डोंगरात जोडेघाट येथे आपले ठाणे केले. 'जल, जंगल, जमीन' ही त्याची घोषणा. आजूबाजूच्या १२ गावांत आमचे राज्य आम्हालाच करू द्या, ही त्याची मागणी. १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. अश्विन पौर्णिमेला आजही जोडेघाटला त्याच्या नावाने लोक जमतात.

त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की ही माणसे का उठली? उत्तर शोधायला त्यांनी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या डोंगरात पाठवले. महायुद्ध सुरू झाल्यामुळे शत्रुराष्ट्राचा पासपोर्ट असलेला हा माणूस हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाईला झोपडी बांधून राहिले. त्याच्या सांगण्यावरून १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. बेटी १९८७ साली हैदराबादला वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

याच कामात एक मराठी नाव आहे आणि ते आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. ते नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकाल आणि मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण निलंग्याचा हा माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेत होता आणि आदिवासींच्या कामासाठी आदिलाबादला होता. त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या, त्यांची व्याकरणे लिहिली, आणि १९४९ साली आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या माणसाचा अर्ज आपल्यापुढे येतो त्याची भाषा आपल्याला आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती. आपल्या भागातल्या किती अधिकाऱ्यांबद्दल, कोणत्याही राजवटीतल्या, असे म्हणता येईल?

१९४८ साली पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामी संपली. मग आला १९५६ चा राज्यपुनर्रचना कायदा. त्यातले एक लांबलचक वाक्य आपल्या सर्वांच्या नशिबाचे आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले त्यातून वगळून आंध्रात राहिली व आदिलाबादला जोडली गेली. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला मिळाले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. भाषेप्रमाणे वाटणी करायची म्हणून तालुकेसुद्धा अखंड ठेवले नाहीत, सर्कलपर्यंत खाली उतरले. तरीही प्रत्येक सर्कलमध्ये दोन्ही भाषांची माणसे उरलीच. माझ्या आजीचे माहेर किनवटकडचे. १ नोव्हेंबर १९५६ ला तिचे माहेर आणि सासर दोन राज्यांत गेले. ती मात्र पूर्वीप्रमाणेच पोळ्याला जाऊन येत असे.

जेथे नदी होती तेथे सीमा स्पष्ट होती. पण राजुरा आणि आसिफाबाद या दोन तालुक्यांच्या मध्ये माणिकगडचा पहाड आहे. एकाच जिल्ह्यातले दोन तालुके होते तोवर मधली रेघ डोंगरात नेमकी कुठून जाते याची कोणाला पडली नव्हती. १९५६ ला तीच रेघ राज्याची सीमा झाली. या पहाडावर मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनी जंगल साफ करून गावे वसवली. परंडोळी, मुकदमगुडा, महाराजगुडा, शंकरलोधी, अंतापूर अशी ही एकूण १४ गावे. महाराष्ट्राच्या लेखी ती चंद्रपूर जिल्ह्यात, आता जिवती तालुक्यात आहेत. तेलंगणाच्या लेखी केरामेरी मंडलात. म्हणजे जोडेघाट ज्या मंडलात, त्याच मंडलात. गावकऱ्यांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे, दोन्हीकडची रेशन कार्डे. गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन.

ऐकणाऱ्याला वाटते, काय मजा आहे! दोन्हीकडून लाभ. येथे मला प्रशांत महासागरातल्या त्या बेटांची आठवण होते.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू हेब्रिडीज नावाची सुमारे ८० बेटे होती. कॅप्टन कुकने १७७४ साली त्यांना हे नाव दिले. तेथील मूळ लोक मेलानेशियन, आणि भाषा १०० हून अधिक. इंग्रज आणि फ्रेंच, दोघांचाही या बेटांवर डोळा. भांडण मिटेना, तेव्हा १९०६ साली दोघांनी मिळून संयुक्त राज्य करायचे ठरवले. पोलीसदले दोन, तुरुंग दोन, दवाखाने दोन, शाळा दोन प्रकारच्या. वर एक संयुक्त न्यायालय, त्याचा अध्यक्ष तटस्थ हवा म्हणून तो स्पेनच्या राजाने नेमायचा. परका माणूस बेटावर उतरला की त्याने सांगायचे, मला इंग्रजी कायदा लागू करा की फ्रेंच. कोणाचाही झेंडा दुसऱ्याहून उंच दिसता कामा नये याची काळजी घेतली जाई.

आणि बेटावरचा मूळ माणूस? तो इंग्लंडचाही नागरिक नव्हता आणि फ्रान्सचाही नव्हता. दोन सरकारे असलेल्या देशात त्याला नागरिकत्व असे नव्हतेच. त्याची मोठी जमीन गोऱ्या मळेवाल्यांनी कागद करून घेतली होती. १९६० नंतर तेथे चळवळ उभी राहिली ती जमिनीवरूनच. पण एक पिढी इंग्रजी शाळांतून आणि दुसरी फ्रेंच शाळांतून शिकलेली, त्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीतही दोन तट पडले. १९८० साली तर सांतो बेटावर बंड झाले. तरी ३० जुलै १९८० रोजी वॉल्टर लिनी यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. नाव घेतले वानुआतू. त्यातला 'वानुआ' म्हणजे भूमी. नव्या राज्यघटनेने पहिली मोठी गोष्ट केली ती ही की, सारी जमीन परंपरागत मूळ मालकांची व त्यांच्या वंशजांची ठरवली. भाषा मात्र त्यांनी कोणतीच टाकली नाही. बिस्लामा ही बाजारात जन्मलेली मिसळ बोली राष्ट्रभाषा केली आणि तिच्या जोडीला इंग्रजी व फ्रेंच दोन्ही राजभाषा ठेवल्या.

पहाडावरच्या १४ गावांकडे या नजरेने पाहावे. दोन रेशन कार्डे मिळाली म्हणून माणूस श्रीमंत होत नाही. कसत असलेल्या जमिनीचा निर्विवाद पट्टा हवा, मुलाला दाखला हवा, आणि दाखला देणारे कार्यालय एकच असावे लागते. दोन सरकारांपैकी प्रत्येकाला वाटते, दुसरा करील. २०२५ च्या जुलैमध्ये ही गावे रीतसर महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू करण्याचे महाराष्ट्र सरकारने जाहीर केले. निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो सातबारावर किंवा पहाणीवर उमटेल तेव्हाच खरा.

आपला जिल्हाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. २ जून २०१४ ला तेलंगण झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. ज्याला १२ गावांचे राज्य मिळाले नाही, त्याचे नाव आज एका अख्ख्या जिल्ह्याला आहे. त्या जिल्ह्यातला पट्ट्याचा प्रश्न मात्र नावाने सुटलेला नाही.

पुष्कळ मराठी पालक मला विचारतात, "सर, पोराला मराठी शाळेत घालू की तेलुगू?" मी सांगतो, घरात मराठी पक्की ठेवा, वाचायला लावा, आणि तेलुगू मनापासून शिकवा, कारण तहसीलचा कागद तेलुगूत येतो. जमलेच तर गोंडीचे चार शब्दही शिकवा. पगडींनी नोकरी सांभाळून ते केले. कागद न वाचता आल्यामुळे ज्यांची जमीन गेली, त्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आपण राहतो. आपल्या ट्रंकेतला उर्दू कागदही कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवा. या दिवाळीच्या सुट्टीत मी आमचा घेऊन निर्मळच्या एका वृद्ध मौलवींकडे जाणार आहे.