मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर

इतिहास विजेत्याचा शेवट जपून ठेवतो व त्याचा आरंभ सहज विसरतो, असे आम्हांस वारंवार दिसून आले आहे. मुरलीकांत पेटकर हे नाव निघताच १९७२ सालची हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धा आठवते. तेथे पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकून त्या स्पर्धांतील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. परंतु हे जलतरणपटू आधी मुष्टियोद्धे होते. अर्ध्यावर तुटलेल्या त्या पहिल्या कारकिर्दीचे मोल काय, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

आमच्या वऱ्हाडात, रिसोडसारख्या गावी, मल्ल कोणास म्हणावे हे पोरासही सांगावे लागत नाही. मुष्टियोद्धा मात्र परकाच वाटतो. पेटकरांच्या मुलखातही मान होता तो कुस्तीचाच. त्यांचे पेठ हे गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातले. तेथून फार दूर नसलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा पेटकर बालवयात होते. मुष्टियुद्धाची कला त्यांना लाभली ती लष्करात. ई. एम. ई. ह्या तांत्रिक दलात, सिकंदराबादेस, ते मुष्टियोद्धे म्हणून नावारूपास आले. आणि १९६४ साली टोकियो येथील सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताकडून उतरले.

ठोसा हाताने मारतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याचा जोर तळपायातून निघतो, कमरेच्या वळणाने खांद्यात चढतो व मग मुठीत उतरतो. फेरी असते मोजक्या मिनिटांची. पण जो आरंभीच श्वास उधळतो, त्याचे हात शेवटी आपोआप खाली येतात. म्हणून पायांची चाल व श्वासाचा हिशेब ही ह्या विद्येची दोन अंगे होत.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात पेटकरांच्या शरीरात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. ज्या पायांतून ठोशाचा उगम, नेमके तेच गेले! उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहणे आरंभिले. १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरो येथे त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी हायडेलबर्ग गाजविले.

कोणी म्हणेल, पाय गेल्यावर मुष्टियुद्धातले उरले ते काय? आमच्या मते दुसरे अंग उरले. पन्नास मीटरांची शर्यत ही एका फेरीहूनही आखूड. तीत खांदे, श्वास व मनाचा निग्रह ह्यांवाचून त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते, आणि ही तिन्ही रिंगणात आधीच घासूनपुसून निघाली होती. खाली पडलेल्याने दहा अंक मोजून होण्यापूर्वी उठावे, हा त्या खेळाचा नियम. तो त्यांनी आयुष्यालाही लावला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे विजयानंतर ४६ वर्षांनी. एवढा विलंब ज्या समाजाकडून होतो, त्याने पदकामागची तयारीही विसरावी ह्यात नवल नाही. पण ते भूषणावहही नाही. गावोगावच्या तालमींत आज घाम गाळणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची कारकीर्द अपुरीच राहील. अपुरी राहिलेली साधना वाया गेली असे समजू नये, एवढे तरी त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पेटकरांच्या पूर्वायुष्यावरून ध्यानी घ्यावे.