ताजमहाल हॉटेल ते लग्नाची वरात

कळमनुरी असो की हिंगोली, लग्नाची वरात निघाली की बँडवाला ट्रंपेट ओठाला लावतो. 'अलबेला'तले एखादे गाणे सुरू झाले, की म्हातारी माणसेही मान डोलावतात. हा चित्रपट १९५१चा. त्यातला भगवानदादांचा नाच आणि सी. रामचंद्रांचे संगीत आपल्याला ठाऊक आहे. त्या ट्रंपेटची वाट मात्र थेट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांपर्यंत जाते, हे फारसे कुणी सांगत नाही.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी मजुरीची गाणी, चर्चमधली भजने आणि पितळी वाद्ये यांच्या मेळातून नवे संगीत घडवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात त्यातून जॅझ बहरले. पुढे रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन यांच्या गळ्यातून तेच दुःख 'सोल' संगीत झाले. पण ज्या हॉटेलात वाजवायचे, तिथे खोली मिळत नाही, असा त्यांच्या देशातला वर्णभेद होता. म्हणून अनेकांनी परदेशाची वाट धरली.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तिथे मैफली गाजवल्या. वेदरफर्ड मायदेशी परतलेच नाहीत. १९४५ साली कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्यामुळे कागदावरचे संगीत त्यांना वाचता येत होते. कागदावर नसलेले, आयत्या वेळी सुचलेले कसे वाजवावे, हे मात्र त्यांनी या पाहुण्यांकडून घेतले. फ्रँक फर्नांड हे ताजमध्ये त्यांच्यासोबत वाजवणाऱ्यांपैकी एक. हळदोण्याचे अँतोनियो शावियेर वाझ तर 'चिक चॉकलेट' या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून घेतले. संगीतकार चाल सांगे. ती स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रंपेटने कुठे उठायचे, हे गोव्याचे वादक ठरवत. 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. पण अशा कितीतरी वादकांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२पासून आकाशवाणीवरची सिनेगीते जवळजवळ थांबली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ साली 'विविध भारती' सुरू करावी लागली. सूर अडवता येत नाही, तो वाट काढतोच.

मात्र सुराबरोबर नाव पोहोचतेच असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची गाणी गोऱ्या गायकांनी गाऊन अधिक पैसा मिळवला. आपल्याकडे गोव्याच्या वादकांचे श्रेय तबकडीवर छापलेच गेले नाही. आणि वरातीपुढे घामाघूम होऊन वाजवणाऱ्या बँडवाल्याचे नाव तरी आपल्यापैकी किती जण विचारतात? दाद देताना नाव घ्यावे, एवढे तर आपल्याला सहज करता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)