बुंध्यांची बाग

झाड तोडले की लाकूड विकले जाते. मुळांसकटचा बुंधा मात्र कोणालाच नको असतो. बहुधा तो जाळतात. इंग्लंडमध्ये बिडल्फ ग्रेंज या बागेत जेम्स बेटमन यांनी १८५६ साली असे जुने बुंधे मुळे वर करून रचले आणि त्यांच्या सावलीत नेचे, म्हणजे फर्न लावले. तेव्हा तिकडे फर्न जमवण्याचे वेडच होते. अशा बागेला ‘स्टंपरी’ म्हणतात.

आपल्या वेरूळच्या इंद्रसभेत, ३२ क्रमांकाच्या लेण्यात, बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत. अंगावर वेली चढल्या तरी ते ढळले नाहीत. स्थिर राहणाऱ्याच्या आधाराने दुसरे जीव वाढतात, हे कारागिरांनी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी दगडात कोरले.

कुजत्या बुंध्यात मुंग्या, वाळवी, किडे असे कितीतरी जीव असतात. तो पेटवला की तेही जळतात. संभाजीनगरात नळाला रोज पाणी नाही आणि फर्नला ओल हवी. म्हणून घरापासून लांब, कुंपणाच्या सावलीत एकच बुंधा ठेवावा. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्याला घालावे. हिशेब सोपा: खर्च जवळजवळ नाही आणि तेवढी हिंसा टळते.