जुगुप्सेची पैज : दूरचित्रवाणीवरील किळसवाण्या भक्षणस्पर्धांचा इतिहास

(१)

खाण्याची पैज ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नव्हे. लग्नमुंजींच्या पंक्तींत जिलब्यांच्या आणि लाडवांच्या पैजा लागत, आणि जिंकणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत पुढे कित्येक वर्षे निघत असे. अमेरिकेत न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथे दर वर्षी ४ जुलै रोजी हॉट डॉग खाण्याची जी स्पर्धा होते तीही याच जातीची. या पैजांत पदार्थ सर्वांच्या आवडीचा असतो, आणि प्रश्न असतो तो केवळ किती खाल्ले याचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीने मात्र या जुन्या पैजेला निराळेच रूप दिले. तीत परिमाणाचे महत्त्व कमी झाले आणि पदार्थाचे वाढले. जे पाहताच ओकारी यावी ते गिळून दाखविणे हाच पराक्रम ठरला. या प्रकाराचा उगम कसा झाला, तो लोकप्रिय का झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

(२)

किळसवाणे खाऊन दाखविणाऱ्या माणसाकडे पैसे देऊन पाहण्याची हौस दूरचित्रवाणीहून जुनी आहे. अमेरिकेतील फिरत्या जत्रांत जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडणारा 'गीक' असे. तो समाजाच्या अगदी तळाचा मनुष्य मानला जाई. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम लिंडसे ग्रेशॅम यांच्या 'नाइटमेअर अॅली' या कादंबरीत या माणसाची दुर्दशा चित्रित झाली आहे. जत्रेतील गीकाला कोणी स्पर्धक म्हणत नसे. तो पोटासाठी हे करी आणि प्रेक्षक त्याला हीन लेखून घरी जात.

दूरचित्रवाणीने या व्यवहाराला प्रतिष्ठेचे वस्त्र चढविले. ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीवर १९९० ते १९९५ या काळात 'द वर्ड' नावाचा कार्यक्रम चाले. त्याच्या उत्तरकाळात 'द होपफुल्स' हा भाग सुरू झाला. दूरचित्रवाणीवर दिसण्यासाठी वाटेल ते करू, असे सांगणारे तरुण त्यात येत, आणि किडे खाण्यासारखी कृत्ये करून दाखवीत. येथे बक्षीस होते ते पडद्यावरील क्षणभराच्या दर्शनाचे. गीकाची भूक भाकरीची होती; या तरुणांची प्रसिद्धीची होती. संक्रमणाची ही पायरी लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहास नीट उमगत नाही.

(३)

खऱ्या अर्थाने भक्षणस्पर्धेची स्थापना झाली ती 'सर्व्हायव्हर' या अमेरिकी कार्यक्रमाने. चार्ली पार्सन्स यांच्या मूळ कल्पनेवरून १९९७ साली स्वीडनमध्ये 'एक्स्पेदिशन रॉबिन्सन' हा कार्यक्रम निघाला होता. त्याचा अमेरिकी अवतार ३१ मे २००० पासून सीबीएस वाहिनीवर दिसू लागला. बोर्निओच्या साबा प्रांतालगतच्या पुलाऊ तिगा बेटावर सोळा जणांना ३९ दिवस ठेवण्यात आले. शेवटी उरणाऱ्यास दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक होते. दुसऱ्याच भागात स्पर्धकांना जिवंत अळ्या खाण्याचे आव्हान देण्यात आले. ऑगस्ट २००० मधील अंतिम भाग पाच कोटींहून अधिक अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिला. त्यानंतर असे एखादे आव्हान नसलेला साहसी कार्यक्रम विरळाच झाला.

या अळ्यांची हकीकत मननीय आहे. साबामध्ये त्यांना 'बुतोद' म्हणतात. सागो माडाच्या खोडात वाढणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या या अळ्या कादाझान-दुसुन लोकांत आवडीने खाल्ल्या जातात. याच कुळातील सोंड्या भुंगा कोकणातील बागायतदारास चांगला परिचित आहे, पण तो नारळाचे झाड पोखरणारा वैरी म्हणून. अशा रीतीने एकच अळी एका किनाऱ्यावर मेजवानी, दुसऱ्या किनाऱ्यावर कीड आणि पडद्यावर बीभत्साचे साधन झाली. अळी तीच राहिली. भोवतालचे ताट तेवढे बदलले.

११ जून २००१ रोजी एनबीसी वाहिनीवर 'फिअर फॅक्टर' सुरू झाला. त्याचे मूळ डच कार्यक्रमात होते, आणि पारितोषिक ५०,००० डॉलरांचे होते. त्यातील तीन आव्हानांपैकी मधले बहुधा किळसवाण्या भक्षणाचे वा स्पर्शाचे असे. ही मधली जागा बरीच विचारपूर्वक योजलेली दिसते. पहिल्या व शेवटच्या आव्हानात शरीरबळाला व चपळाईला महत्त्व असे. मधल्यात पैलवान व सडपातळ मनुष्य एका पातळीवर येत. निर्मात्यासही असे आव्हान उंच इमारतीवरील कसरतीपेक्षा स्वस्त पडत असले पाहिजे.

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ऑगस्ट २००२ मध्ये आलेल्या 'आय अॅम अ सेलिब्रिटी... गेट मी आउट ऑफ हिअर!' या कार्यक्रमाने आणखी एक पेच घातला. ऑस्ट्रेलियातील जंगलात राहणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींपैकी एकाने आव्हान पार पाडून जितके तारे मिळवावेत, तितकी जेवणे छावणीस मिळत. एकाची किळस आणि दहांची भूक यांचा असा सामना लागे, आणि नकार देणारा केवळ भित्रा न ठरता स्वार्थीही ठरे. या आव्हानांचे 'बुशटकर' हे नाव ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या रानातील अन्नासाठी रूढ असलेला शब्द आहे. झुडपांच्या मुळांतून काढून कच्ची वा राखेत भाजून खाल्ली जाणारी विचेटी अळी ही त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची पौष्टिक शिदोरी होय.

(४)

या स्पर्धांच्या आकर्षणाचे रहस्य शोधू गेल्यास भारतीय वाचकास भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव सांगितला आहे. बीभत्साच्या प्रकारांत रक्तादिकांपासून होणारा तो क्षोभज आणि विष्ठा व कृमी यांपासून होणारा तो उद्वेगी, असा भेद केला आहे. अंग आकसणे, तोंड वेडेवाकडे करणे, थुंकणे, ओकारी येणे हे त्याचे अनुभाव होत. दूरचित्रवाणीला गंध पोचविता येत नाही आणि चवही पोचविता येत नाही. तिच्या हाती उरतो तो केवळ अनुभाव. म्हणूनच कॅमेरा ताटापेक्षा चेहऱ्यावर अधिक वेळ खिळलेला असतो. मात्र रंगभूमीवरील नटाचा उद्वेग हा अभिनय असतो, तर येथील स्पर्धकाचा खराखुरा असतो. रस आणि प्रत्यक्ष क्लेश यांतील सीमारेषा येथे पुसली जाते.

आधुनिक मानसशास्त्राची साक्षही उद्बोधक आहे. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात डार्विनने तिएरा देल फुएगो येथील एक प्रसंग नोंदविला आहे. डार्विन खात असलेल्या थंड, टिकवलेल्या मांसाला तेथील एका रहिवाशाने बोट लावले आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. उलट त्या उघड्या माणसाचे हात अस्वच्छ नसूनही त्याने अन्नास स्पर्श केला याची डार्विनला किळस आली. पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून दाखविले. धोका मुळीच नाही हे ठाऊक असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. तात्पर्य, किळस ही पदार्थापेक्षा पाहणाऱ्याच्या संस्कारांत अधिक वसते.

(५)

आता या मनोरंजनाची किंमत कोणी मोजली ते पाहू गेल्यास तीन बाजू दिसतात.

पहिली बाजू प्राण्यांची. २००९ साली उपर्युक्त ब्रिटिश कार्यक्रमात सहभागी व्यक्तींनी छावणीत एक उंदीर मारून शिजवून खाल्ला. न्यू साउथ वेल्समध्ये खटला झाला, आणि २०१० मध्ये निर्मात्या संस्थेस प्राणिक्रौर्याबद्दल दंड भरावा लागला. पुढे २०१९ मध्ये आव्हानांत जिवंत कीटक खावयास न देण्याचा निर्णय निर्मात्यांनी जाहीर केला.

दुसरी बाजू स्पर्धकांची व प्रेक्षकांची. 'फिअर फॅक्टर'मध्ये मेलेले उंदीर दळून पिण्याचा भाग पाहून प्रकृती बिघडल्याची तक्रार करीत एका प्रेक्षकाने २००५ साली २५ लक्ष डॉलरांचा दावा लावला. न्यायालयाने तो काढून टाकला. तथापि २०१२ च्या जानेवारीअखेर, गाढवाचे वीर्य व मूत्र पिण्याचे आव्हान असलेला भाग वाहिनीने स्वतःच प्रसारणापूर्वी मागे घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्लॉरिडातील एका दुकानाने भरविलेल्या झुरळे व किडे खाण्याच्या स्पर्धेत एक मनुष्य मरण पावला. घशात व श्वासमार्गात अडथळा होऊन गुदमरल्याने मृत्यू आला, असा निष्कर्ष शवचिकित्सेतून निघाला. ही स्पर्धा दूरचित्रवाणीवरील नव्हती. परंतु पडद्यावरचा खेळ देखरेखीविना बाजारपेठेत उतरला म्हणजे काय घडते, हे तिने दाखविले.

तिसरी बाजू, आणि हीच आजवर सर्वांत उपेक्षित राहिली, ती ज्यांचे ते अन्न आहे त्या लोकांची. फिलिपिन्समध्ये रस्त्यावर उकडून विकले जाणारे बालुत, म्हणजे गर्भ धरलेले बदकाचे अंडे, या स्पर्धांत वारंवार शिक्षेचा पदार्थ म्हणून आले. २०२१ साली एका अमेरिकी रात्रकालीन कार्यक्रमातील अशाच खेळाविरुद्ध आशियाई वंशाच्या नागरिकांनी आक्षेप घेतला आणि हजारोंनी निवेदनावर सह्या केल्या. आपल्या आजीच्या हातचा पदार्थ जगाने हसत थुंकून टाकावा, हे त्यांना सहन झाले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार किमान दोन अब्ज माणसांच्या आहारात कीटकांना स्थान आहे. भारतातही बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी खाल्ली जाते, आणि ओडिशातील मयूरभंजच्या तशाच 'काई' चटणीस जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

(६)

भारतात हा प्रकार परवान्याच्या मार्गाने आला. २१ जुलै २००८ रोजी कलर्स वाहिनीच्या प्रारंभाबरोबरच 'खतरों के खिलाडी' सुरू झाले, आणि २००९ मध्ये सोनी वाहिनीने 'इस जंगल से मुझे बचाओ' हा मलेशियात चित्रित केलेला कार्यक्रम दाखविला. हे कार्यक्रम मराठी घरांतूनही पाहिले गेले. ज्या समाजात कोणी काय खावे आणि कोणाच्या हातचे खावे यांवरून शतकानुशतके माणसामाणसांत भिंती उभ्या राहिल्या, तेथे दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे हा निरुपद्रवी विनोद राहत नाही.

यास्तव या स्पर्धांचे मूल्यमापन केवळ अभिरुचीच्या कसोटीवर करणे अपुरे होईल. आपल्या किळसेवर मात करणे हा एक पुरुषार्थ आहे, आणि या कार्यक्रमांतील काही स्पर्धकांनी तो खरोखर दाखविला, हे मान्य केले पाहिजे. पण त्या विजयातून अन्नाविषयीचा आदर उत्पन्न झाला नाही. प्रत्येक आव्हानाअखेर पदार्थ पूर्वीइतकाच घृणास्पद ठरून ताटात राहिला. साबातील एखाद्या घरी पाहुण्यापुढे बुतोद ठेवले जाते तेव्हा तो यजमानाचा आग्रह असतो. पडद्यावर तेच बुतोद आव्हान झाले, आणि यजमान चित्रातून नाहीसा झाला.