बारामतीचे सावकार व लंडनचे लिलाव

सरदारघराण्यांच्या जुन्या हिरेजडित अलंकारांचे लिलाव लंडनास वरचेवर होतात. त्यांची वर्णने वाचताना ही रत्ने कोणाच्या हातून तेथवर गेली, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. जून १९५९ मध्ये वेस्टमिन्स्टर घराण्याचा हिऱ्यांचा टिआरा, म्हणजे तिकडील सरदारस्त्रियांचे शिरोभूषण, सदबीच्या लिलावात १,१०,००० पौंडांस गेला. पॅरिसच्या लाक्लोश या जवाहिऱ्यांनी तो १९३० मध्ये घडविला होता. त्यातील दोन हिरे अर्काटच्या नबाबाने राणी शार्लट हिला नजर केलेले होते. ते १८३७ च्या ज्या लिलावातून त्या घराण्याकडे आले, त्याच लिलावात आपल्या पेशव्यांचा 'नाशिक' हिरा ७,२०० पौंडांस विकला गेला. तोही पुढे त्याच घराण्यात गेला, पण किरीटात नव्हे, तर तरवारीच्या मुठीत बसला.

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, ही आख्यायिका वाचकांस ठाऊक असेलच. इतिहासास एवढे पुरे की, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे राज्य बुडाले तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला. दख्खनच्या या लुटीची वाटणी कोणी किती करून घ्यावी, यावर विलायतेत पुढे कित्येक वर्षे तंटा चालला. ज्यांची लूट झाली त्यांस त्या तंट्यात अर्थातच कोणी विचारले नाही.

पेशव्यांच्या जामदारखान्याची कथा सांगताना आपण बहुधा शनिवारवाड्याकडे पाहतो. आमच्या मते पाहावे ते बारामतीकडे. नीरेच्या कालव्याचे पाणी येण्यापूर्वीचा बारामती-इंदापूरचा हा टापू कोरडा. मालोजीराजे इंदापुरास पडले, तेवढीच याची ख्याती. अशा ठिकाणी कऱ्हेकाठी बाबूजी नाईक जोशी यांची सावकारी पेढी उभी राहिली. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई हिचे पती. म्हणजे धनको तोच सोयरा! १७४० मध्ये बाजीराव वारले ते मोठे कर्ज मागे ठेवून, आणि नाईक त्यांतील एक मोठे सावकार. त्यांनी रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने स्वतःच पेशवेपद मागितले व शाहूमहाराजांस मोठा नजराणा देऊ केला. महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांस दिली. मग नाईकांनी कर्जाचा तगादा लावला, तो महादोबा पुरंदऱ्यांनी निभावून नेला. ज्या राज्याची मोहीम सावकाराच्या रोख्यावर निघे, त्याच्या दौलतीतील हिरा अंगावर मिरविण्यापेक्षा तारणासच अधिक उपयोगी, असे आम्हांस वाटते. याच नाइकांनी मोरोपंतांस आश्रय दिला, हे मात्र त्यांच्या खात्यावर जमा धरावे.

त्या रघूजींच्या नावाची तरवार २९ एप्रिल २०२५ रोजी सदबीच्याच लिलावास निघाली. महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांस ती मिळविली व ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पात्याची घडण युरोपीय, पण त्यावर सोन्यात देवनागरी नाव आहे, म्हणून ती ओळखता आली.

हिऱ्यावर नाव कोरलेले नसते. वेस्टमिन्स्टरच्या टिआऱ्यातील अर्काट हिरे हॅरी विन्स्टन यांनी काढून पुन्हा पैलू पाडले, अंगठ्यांत बसविले व निरनिराळे विकले. 'नाशिक'ही त्यांच्याच हाती १९४० मध्ये गेला होता. पेशव्यांकडून गेला तेव्हा तो सुमारे ९० कॅरटांचा होता. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास ५ लाख डॉलर आले, तेव्हा तो ४३.३८ कॅरटांचा उरला होता.