आणीबाणीचा कायदा, ईजिप्तमधील
राष्ट्राध्यक्षांना अटक, झडती व प्रकाशननियंत्रणाचे असाधारण अधिकार देणारा ईजिप्तचा कायदा (१९५८ चा क्र. १६२). तो नासर यांच्या कारकिर्दीत जारी झाला (→ नासर, गमाल अब्देल). १९६७ च्या युद्धात लागू झालेली आणीबाणी (→ अरब-इझ्राएल संघर्ष) १९८० मध्ये उठली; मात्र ६ ऑक्टोबर १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या होताच ती परतली आणि मुदतवाढींवर ३१ मे २०१२ पर्यंत टिकली. या कायद्याखालील विशेष राज्यसुरक्षा न्यायालयांच्या निकालांवर अपील नाही. निकाल राष्ट्राध्यक्षांच्या संमतीनेच अंतिम होतो. निर्दोष ठरलेल्याचीही फेरसुनावणी ते फर्मावू शकतात. २०१३ मध्ये सर्वोच्च संविधानिक न्यायालयाने विनापरवाना अटक-झडतीची तरतूद रद्द ठरविली (→ बंदीप्रत्यक्षीकरण). चर्चमधील स्फोटांनंतर एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा जाहीर झालेली आणीबाणी ऑक्टोबर २०२१ मध्ये संपली.