रॅकेटची मूठ आणि कोपराचे दुखणे: दीडशे वर्षांची गोष्ट

पॅडल हा खेळ आता मुंबई-पुण्याकडे चांगलाच रुळला आहे. चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण बॅडमिंटन किंवा टेनिस सोडून तिकडे वळतात. दोन-तीन महिन्यांत त्यातल्या काहींची तक्रार सुरू होते: "डॉक्टर, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. चहाचा कप उचलला तरी कळ येते." दोष कधी वयाला दिला जातो, कधी महागड्या रॅकेटला. रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेल्या शंभर-दोनशे रुपयांच्या पट्टीकडे, म्हणजे ग्रिपकडे, सहसा कोणी बघत नाही. ती झिजून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते आणि घामाने कडक झालेली असते.

आपल्या भाषेत हाताचीही मूठ असते आणि हत्याराचीही मूठच असते. या दोन मुठींचे जमले नाही, की भुर्दंड कोपर भरते. हे कळायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे लागली. त्याचीच ही गोष्ट.

आधी आजार, मग खेळ

आपण ज्याला 'टेनिस एल्बो' म्हणतो, त्याचे पहिले वर्णन १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी केले. त्यात टेनिसचा उल्लेखही नव्हता. त्यांचा विषय होता लिहिताना हाताला होणारा त्रास. लॉन टेनिसचे पेटंट मेजर विंगफिल्ड यांनी इंग्लंडमध्ये घेतले ते त्यानंतर, १८७४ साली. म्हणजे आजार वर्षभराने थोरला आणि खेळ धाकटा!

पुढे खेळाची लाट आली. १८८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिस यांनी 'लॉन टेनिस आर्म' असा शब्द वापरला. १८८३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव छापून आले आणि ते कायमचे चिकटले. खेळणारे लोक सुखवस्तू होते, त्यांचे डॉक्टर मासिकांत लिहिणारे होते. धुणे पिळणाऱ्या किंवा सुतारकाम करणाऱ्या माणसाचे कोपरही तसेच दुखत असणार, पण नाव पडले खेळाडूंचे. आजही हा आजार प्रौढांमध्ये शंभरात एक ते तीन जणांना होतो आणि त्यातल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते.

मूठ आवळली की कोपर का दुखते?

एक छोटा प्रयोग करा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडे खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. आता उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखालचा स्नायू टणक झालेला जाणवेल.

बोटे मिटणारे स्नायू हाताच्या पुढच्या बाजूला असतात. ते ओढले गेले की मनगटही आत वळू पाहते. ते वळू नये म्हणून मागच्या बाजूचे स्नायू मनगट धरून ठेवतात. या स्नायूंचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला जोडलेला असतो. म्हणून आपण जितक्या वेळा आणि जितके जोरात आवळतो, तितका ताण त्या लहानशा जागेवर येतो.

आता निसरड्या ग्रिपचा हिशोब बघा. पकड आणि मूठ यांच्यातले घर्षण निम्मे झाले, तर तीच रॅकेट हातातून सुटू नये म्हणून साधारण दुप्पट दाबावे लागते. शिवाय घट्ट आवळलेल्या हातात चेंडूचा धक्का आणि कंपने जास्त पोहोचतात. तासाभराच्या खेळात शेकडो फटके बसतात, आणि खेळाडूला आपण जास्त आवळतो आहोत हे कळतही नाही.

वेत, चामडे, टॉवेल आणि फोम

हाताला बसणारा धक्का कमी करण्याची धडपड जुनी आहे. क्रिकेटच्या बॅटची मूठ पूर्वी पात्यासकट एकाच लाकडाची असे. १८५३ साली नॉटिंगहॅमशरच्या थॉमस निक्सन यांनी मुठीसाठी वेत वापरला. वेत थोडा लवतो, त्यामुळे चेंडूचा हिसका हातापर्यंत पोहोचेपर्यंत कमी होतो. पुढे वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर आले, वरून दोरा आणि मग रबरी ग्रिप आली.

टेनिसच्या सुरुवातीच्या रॅकेटची मूठ उघड्या लाकडाचीच असे. हात घसरू नये म्हणून तिच्यावर उभ्या खाचा पाडत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चामड्याची पट्टी गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली. चामडे टिकाऊ, पण घामाने भिजून वाळले की कडक होणारे.

बॅडमिंटनची गोष्ट तर आपल्या घरची. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' या नावानेही ओळखले जाई. पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची सेलँगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्या काळच्या लाकडी फ्रेमच्या रॅकेट आजच्यापेक्षा जड होत्या. बॅडमिंटनमध्ये घामावर उपाय म्हणून टॉवेलच्या कापडाची ग्रिपही वापरात आली आणि ती आजही मिळते.

नंतर कृत्रिम धाग्यांचा आणि फोमचा जमाना आला. मूळ ग्रिपवर आणखी एक पातळ पट्टी चढवायची आणि ती झिजली की फेकून द्यायची, ही 'ओव्हरग्रिप'ची सोय झाली. पॅडल या सोयीच्या काळात वाढलेला खेळ आहे. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी तो सुरू केला. त्याच्या रॅकेटला तारा नसतात. धक्का शोषण्याचे काम आतला फोम आणि मुठीवरची ग्रिप यांनाच करावे लागते. पॅडलची मूठ सहसा एकाच मापाची येते. त्यामुळे तिला आपल्या हाताच्या मापाची करणे हे ओव्हरग्रिपचेच काम.

सचिनचे डावे कोपर

आपल्याकडे 'टेनिस एल्बो' हा शब्द घराघरात पोहोचला तो सचिन तेंडुलकरमुळे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराचे दुखणे उफाळले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्याला खेळता आल्या नाहीत. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही महिने बॅट उचलणेही जमत नव्हते, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून तो परतला आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने पस्तिसावे कसोटी शतक ठोकले.

सचिनची बॅट तीन पौंडांहून जड, म्हणजे सुमारे १.४ किलोची असे आणि तो ती मुठीच्या खालच्या भागात धरत असे. दुखणे त्यामुळेच झाले, असे म्हणता येणार नाही. त्यामागे पंधरा वर्षांची अखंड फलंदाजी होती. त्यातून आपण घ्यायचे ते एवढेच: उत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असूनही टेंडन आपल्याच गतीने बरा होतो. त्याला घाई चालत नाही.

आपली समजूत कशी बदलली

पूर्वी ही सूज समजली जाई. १९७९ साली अमेरिकेतल्या निर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेला टेंडन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथे नेहमीच्या सुजेऐवजी झिजलेले, नीट न भरलेले तंतू दिसले. झीज असेल तर नुसते सूज उतरवणारे औषध किती पुरणार?

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचेही तसेच झाले. १९५० च्या दशकापासून ते सर्रास दिले जाऊ लागले, कारण आठवड्याभरात आराम पडतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात १९८ रुग्णांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले पुढे होते. वर्षअखेरीस मात्र ते व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षाही मागे पडले. म्हणून "एक सुई मारून टाका" या आग्रहाला मी सहसा नकार देतो.

मुठीच्या मापाबद्दलही असेच झाले. चुकीच्या मापामुळे हा आजार होतो, अशी समजूत दृढ होती. २००६ सालीच महाविद्यालयीन टेनिसपटूंच्या स्नायूंची विद्युत-तपासणी झाली. योग्य मापापेक्षा पाव इंच कमी किंवा जास्त मूठ असली, तरी स्नायूंच्या कामात ठळक फरक दिसला नाही. ते सारे निरोगी, तरुण खेळाडू होते, हे मात्र लक्षात ठेवा. दुखऱ्या हाताला सोयीची वाटणारी मूठ हीच योग्य. मिलिमीटर मोजत बसू नका, आवळणे कमी होते का ते पाहा.

ग्रिपची निगा

- ओव्हरग्रिप चकाकू लागली, हात घसरू लागला, कडक झाली किंवा वास येऊ लागला, की बदला. नाशिकच्या पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या घामात ती लवकर जाते.
- जुनी ओव्हरग्रिप आधी काढा. एकावर एक चढवत गेल्यास मूठ जाड होते. एका थराने टेनिसच्या मापात साधारण अर्ध्या आकाराचा फरक पडतो.
- नवी पट्टी बुडापासून वर गुंडाळा. ताण सारखा ठेवा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढू द्या, सुरकुती राहू देऊ नका. शेवटी चिकटपट्टी लावा. पॅडलच्या रॅकेटची मनगटात अडकवायची दोरी मोकळी राहू द्या.
- खालची मूळ ग्रिप चेपून पातळ झाली असेल, तर तीही बदला.
- मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यात दुसऱ्या हाताचे एक बोट मावावे.
- खेळ झाल्यावर रॅकेट पुसा, सावलीत वाळवा. ओली ग्रिप बॅगेत कोंडून ठेवू नका आणि रॅकेट उन्हातल्या गाडीत ठेवू नका.
- हाताला चामखीळ, बुरशी किंवा फुटलेला फोड असेल, तर रॅकेट दुसऱ्याला देऊ नका.
- दोन फटक्यांच्या मध्ये मूठ सैल सोडायची सवय लावा.

ज्यांना ग्रिप कोणी बदलून देत नाही

आपल्या जिल्ह्यात या आजाराची खरी गर्दी कोर्टवर नाही, द्राक्षबागेत आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी. निफाड-दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर दिवसभर कात्री दाबत असतात. कात्री बोथट, स्प्रिंग गंजलेली, मूठ नुसत्या लोखंडाची. खेळाडू दुखले तर विश्रांती घेतो. मजुराची विश्रांती म्हणजे बुडालेला रोज.

बागायतदारांना माझी विनंती आहे. कात्रीला रोज धार आणि तेलपाणी करा. मुठीवर सुती कापड किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. छाटणी आणि बांधणी अशी कामे आलटून-पालटून द्या. खर्च नगण्य आहे.

घरातही हेच. जाड कपडे पिळण्यापेक्षा नितळत ठेवा. पिशवी किंवा पातेले उचलताना तळवा वरच्या बाजूला असू द्या. सुरीची आणि खुरप्याची मूठ बारीक असेल, तर चिंधी गुंडाळून जाड करा.

बहुतेकांचे दुखणे वर्षभरात उतरते. दुखणारे काम कमी करणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मनगटाचे व्यायाम सावकाश, नियमित करणे, हाच मुख्य उपचार. मात्र हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद गेली असेल, कोपर सुजून लाल झाले असेल, ताप असेल, मार लागला असेल किंवा मानेतून कळ येत असेल, तर टेनिस एल्बो गृहीत धरून घरी थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. येताना रॅकेट किंवा कात्रीही घेऊन या. तिची मूठ पाहिली, की निम्मे निदान तिथेच होते.